मोटार : मालकीची की वापराची?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे म्हणत. ज्याने हे दोन खर्च स्वतः निभावले त्यालाच संसार कळला, असा त्या म्हणण्याचा अर्थ. गेल्या काही दशकांत या दोन खर्चांच्या पंक्तीला मोटारगाडी येऊन बसली आहे. नवी गाडी दारात आली की पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. या आनंदात वावगे काहीच नाही. मात्र त्या आनंदाच्या भरात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. माणसाला गाडी हवी असते, की गाडीने होणारे काम हवे असते?

शहरातील रोजच्या जाण्यायेण्यासाठी विजेवर चालणारी छोटी मोटार निवडताना हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. अशी मोटार आता विकतच घेतली पाहिजे असे नाही. ठरावीक मुदतीचा करार करून ती भाडेपट्ट्यानेही वापरता येते. व्यवहारात यालाच लीज म्हणतात. ज्याचा रोजचा प्रवास ठरलेला आहे, ज्याच्याकडे रात्री गाडी चार्ज करण्याची खात्रीची सोय आहे आणि ज्याची मिळकत स्थिर आहे, त्याच्यासाठी भाडेपट्टा हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. या तीन अटींपैकी एकही ढिली असेल, तर तोच मार्ग गळ्यातील धोंड होतो.

विजेची छोटी मोटार भारताला अगदीच नवी नाही. बंगळूर येथे तयार झालेली 'रेवा' ही दोन दारांची चिमुकली मोटार २००१ साली विक्रीस आली. तिच्यात शिसे व आम्ल यांच्या बॅटऱ्या होत्या आणि एका चार्जिंगमध्ये ती सुमारे ८० किलोमीटर धावे. लंडनच्या रस्त्यांवर ती 'जी-विझ' या नावाने फिरली. २०१० साली त्या कंपनीची सूत्रे महिंद्रा समूहाकडे गेली आणि २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटरीची 'ई-टू-ओ' ही मोटार आली. त्यानंतर २०२२ मध्ये 'टियागो ईव्ही' आणि २०२३ मध्ये जेमतेम तीन मीटर लांबीची 'कॉमेट' बाजारात आली. गाड्या सुधारल्या, बॅटऱ्या बदलल्या, पल्ला वाढला. ग्राहकाच्या मनातील शंका मात्र फारशा बदलल्या नाहीत. बॅटरी मध्येच संपली तर? काही वर्षांनी ती निकामी झाली तर? गाडी विकायला काढली आणि कोणी घेतलीच नाही तर?

यांपैकी पहिल्या शंकेचे उत्तर जाहिरातीत शोधू नये, ते स्वतःच्या दिनक्रमात शोधावे. गाडी एका चार्जिंगमध्ये किती धावते, याचा जो आकडा कंपन्या छापतात, तो ठरावीक परिस्थितीत घेतलेल्या चाचणीचा असतो. भारतात अशा चाचण्या करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमध्ये पुण्याची 'एआरएआय' ही संस्था आहे. ही चाचणी खोटी नसते; परंतु चाचणीत मे महिन्याचे ऊन, सतत चालू असलेले वातानुकूलन, उड्डाणपुलाचा चढ आणि गाडीत बसलेली पाच माणसे नसतात. म्हणून प्रत्यक्षातला पल्ला छापील पल्ल्यापेक्षा बराच कमी धरावा, आणि रोजचे अंतर या प्रत्यक्ष पल्ल्याच्या निम्म्याहून अधिक नसावे. ज्याला रोज ४० किलोमीटर जावे लागते, त्याला दीडशे किलोमीटर खात्रीने धावणारी छोटी गाडी पुरेशी आहे. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी म्हणून मोठ्या बॅटरीची महाग गाडी घेणे, म्हणजे पाहुण्यांसाठी वर्षभर दहा माणसांचा स्वयंपाक करण्यासारखे आहे. गावी जाण्यास रेल्वे आहे, एसटी आहे, प्रसंगी भाड्याची मोटार आहे.

दुसरी गोष्ट चार्जिंगच्या जागेची. छोट्या मोटारीला मोठे यंत्र लागत नाही. घरातील १५ किंवा १६ अँपिअरचा, योग्य अर्थिंग असलेला सॉकेट तिला रात्रभरासाठी पुरतो. १७ ते २४ युनिट क्षमतेची बॅटरी अशा जोडणीवर साधारण सात ते नऊ तासांत भरते. रात्री दहाला लावलेली गाडी सकाळी निघण्यापूर्वी तयार असते. प्रश्न आहे तो सॉकेट कोठे आहे, हा. स्वतःचे आवार असलेल्या घरात तो सहज बसतो. गृहनिर्माण संस्थेत त्यासाठी ठरलेली वाहनजागा, संस्थेची संमती आणि वेगळा मीटर लागतो. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला यांपैकी काहीच मिळेलच असे नाही. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर हे त्यावरचे उत्तर नव्हे, ते अपघाताला दिलेले आमंत्रण आहे. सार्वजनिक चार्जिंग केंद्र हा आधार आहे. तथापि केवळ त्याच्यावर विसंबून गाडी घेणाऱ्याला जास्त दर मोजावा लागतो आणि रांगेतही उभे राहावे लागते. म्हणून करारावर सही करण्याआधी सॉकेटची सोय झालेली असावी. आधी विहीर आणि मग रहाट, हा क्रम उलटा करून चालत नाही.

या दोन गोष्टी जमल्या की मग पैशाचा विचार येतो, आणि येथेच भाडेपट्टा समजून घेणे आवश्यक ठरते. कर्जाने गाडी घेणारा माणूस हप्ते फेडून शेवटी गाडीचा मालक होतो. भाडेपट्ट्याने घेणारा माणूस दरमहा भाडे भरतो, आणि मुदत संपली की गाडी परत करतो. त्याच्या हाती काही उरत नाही. 'एवढे पैसे भरले आणि शेवटी हात रिकामेच,' असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. तो वरवर पटण्यासारखा आहे. हिशेब मांडल्यावर मात्र चित्र निराळे दिसते.

उदाहरणादाखल इंदूरमध्ये राहणाऱ्या एका नोकरदार कुटुंबाची कल्पना करावी. त्यांची निवडलेली गाडी नोंदणी व विम्यासह रस्त्यावर येईपर्यंत ९ लाख रुपयांना पडते. संपूर्ण रकमेचे कर्ज द.सा.द.शे. ९ दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे २८,६०० रुपयांचा हप्ता येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ३० हजार रुपये होते. पुढील विमा व देखभाल यांसाठी तीन वर्षांत १ लाख रुपये धरले, तर एकूण खर्च ११ लाख ३० हजार होतो. तीन वर्षांनी गाडी साडेचार लाखांना विकली गेली, तर निव्वळ खर्च ६ लाख ८० हजार. आता तीच गाडी विमा व देखभालीसह दरमहा २०,००० रुपये भाड्याने मिळाली, तर ३६ महिन्यांचे ७ लाख २० हजार रुपये होतात. म्हणजे विकत घेणे ४० हजारांनी स्वस्त पडले. परंतु जुन्या गाडीला साडेचारऐवजी साडेतीनच लाख मिळाले, तर विकत घेण्याचा खर्च ७ लाख ८० हजारांवर जातो आणि भाडेपट्टा ६० हजारांनी स्वस्त ठरतो. हे सर्व आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे, आपल्या गाडीचे आकडे घालून हीच बेरीज-वजाबाकी करावी.

या हिशेबातून जी गोष्ट स्पष्ट होते, ती अशी. सारा निर्णय तीन वर्षांनंतरच्या किमतीवर अवलंबून आहे, आणि ती किंमत आज कोणालाच माहीत नसते. पेट्रोलच्या जुन्या गाडीचा बाजार मुरलेला आहे. गल्लीतला मिस्त्रीही तिचे मोल सांगतो. विजेच्या मोटारीचे तसे नाही. तिच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीत असतो, आणि बॅटरी किती शिल्लक आहे हे बोनेट उघडून दिसत नाही. शिवाय नव्या गाड्यांच्या बॅटऱ्या स्वस्त आणि सरस होत गेल्या, की जुन्या गाडीचा भाव आपोआप उतरतो. भाडेपट्टा घेणारा ग्राहक ही अनिश्चितता गाडी देणाऱ्या कंपनीच्या खांद्यावर टाकतो. त्याने भरलेल्या भाड्यातील काही भाग निश्चिंतपणाचे मोल असते. विम्याचा हप्ता भरून अपघात न झाल्यास पैसे वाया गेले, असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. तोच न्याय येथे लागू होतो.

भाडेपट्ट्याचाच एक निराळा प्रकार म्हणजे गाडी मालकीची आणि बॅटरी भाड्याची. युरोपात 'रेनॉ' कंपनीने २०१२-१३ च्या सुमारास 'झोई' ही मोटार अशा रीतीने विकली. गाडी स्वस्त पडली. परंतु ती जुनी घेणाऱ्यालाही बॅटरीच्या भाड्याचा करार आपल्या शिरावर घ्यावा लागे. भारतात 'एमजी' कंपनीने २०२४ मध्ये आपल्या मोटारींसाठी बॅटरीचे शुल्क दर किलोमीटरमागे आकारण्याची योजना आणली. अशा योजनेत मूळ किंमत कमी दिसते आणि ग्राहक हरखून जातो. तेथेही अंकगणितच कामी येते. बॅटरी वगळल्यामुळे किंमत २ लाखांनी कमी झाली आणि दर किलोमीटरला अडीच रुपये द्यावे लागले, तर ८० हजार किलोमीटर झाल्यावर ती बचत संपते. पुढचा प्रत्येक किलोमीटर महाग पडतो. थोडे चालवणाऱ्याला ही योजना सोयीची वाटेल. पण दरमहा किमान किती किलोमीटरचे शुल्क सक्तीने द्यावे लागते, हे त्याने आधी विचारले पाहिजे. नाहीतर गाडी दारात उभी राहील आणि भाडे मात्र धावत राहील.

भाडेपट्ट्याचा खरा कस लागतो तो कराराच्या बारीक अक्षरांत. बहुतेक करारांत किलोमीटरची मर्यादा असते. दरमहा १,००० किलोमीटरची मर्यादा असताना तीन वर्षांत गाडी ३६ हजारांऐवजी ४२ हजार किलोमीटर धावली आणि जादा किलोमीटरला ८ रुपये आकार ठरलेला असला, तर गाडी परत करताना ४८ हजार रुपये मोजावे लागतात. दारावरचा ओरखडा 'वापरातील साहजिक झीज' मानायचा की 'नुकसान', हे कोण ठरवणार? टायर बदलण्याचा खर्च कोणाचा? भाड्यावरील वस्तू व सेवा कर सांगितलेल्या रकमेत धरला आहे, की वेगळा? अनामत किती दिवसांत परत मिळेल? बॅटरीची क्षमता फार घटली तर गाडी बदलून मिळेल काय? या प्रश्नांची उत्तरे तोंडी मिळून उपयोग नसतो. विक्रेत्याचा शब्द गोड असतो, पण न्यायालयात कागद बोलतो.

या साऱ्या अटींत सर्वांत कठोर असते ती मुदतपूर्व गाडी परत करण्याची. नोकरी सुटली, बदली झाली, घरात आजारपण आले, तर कर्जाची गाडी विकून काही पैसा उभा करता येतो. भाडेपट्ट्याची गाडी विकता येत नाही, कारण ती आपली नसते. आणि परत द्यायची तर दंड भरावा लागतो. ज्याचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला जमा होतो, त्याला हा धोका लहान वाटेल. ज्याची मिळकत हंगामावर, गिऱ्हाइकावर किंवा ठेकेदाराच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने मात्र तीन वर्षांची दरमहाची बांधिलकी स्वीकारण्यापूर्वी दहादा विचार करावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण अशा प्रसंगासाठीच आहे. येथे तर अंथरूणही भाड्याचे असते.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गाडी कागदोपत्री दुसऱ्याची आहे, म्हणून अपघाताची जबाबदारीही त्याचीच, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यातील 'मालक' या शब्दाच्या व्याख्येनुसार, भाडेपट्ट्याच्या करारातील वाहनाच्या बाबतीत ते वाहन ज्याच्या ताब्यात असते तोच मालक समजला जातो. गाडीच्या नोंदणीतही भाडेपट्ट्याची नोंद करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. म्हणून विमा चालू आहे की नाही, त्याची प्रत आपल्या हाती आहे की नाही, हे पाहणे वापरणाऱ्याचे कर्तव्य ठरते. मालकीचा मान मिळत नाही, मात्र मालकाची जबाबदारी टळत नाही.

एवढा विचार करून विजेचीच गाडी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शहराच्या रस्त्यावरच आहे. सिग्नलला थांबत, पुन्हा सुटत चालणाऱ्या पेट्रोलच्या गाडीत इंधनातील ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. विजेची मोटार थांबली की ऊर्जा खात नाही, आणि वेग कमी करताना थोडी ऊर्जा बॅटरीत परतही घालते. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा हिशेब पाहावा. लिटरमागे १५ किलोमीटर आणि १०० रुपये लिटर धरले, तर पेट्रोलला सुमारे ६,७०० रुपये लागतात. युनिटमागे ९ किलोमीटर आणि ८ रुपये दर धरला, तर विजेला ९०० रुपयेही लागत नाहीत. शासनानेही १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या छोट्या मोटारींवरील कर २८ वरून १८ टक्के झाल्याने ही तफावत कमी झाली, तरी ती नाहीशी झालेली नाही.

भारतातील वीज अजून मुख्यतः कोळशापासून तयार होते, तेव्हा धूर फक्त दूरच्या चिमणीतून निघतो, हा आक्षेप खरा आहे. पण तो अपुरा आहे. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. देशातील विजेच्या एका युनिटमागे तो सरासरी ०.७ किलोग्रॅमच्या आसपास असतो. वरच्याच हिशेबाने पाहिले, तर विजेच्या छोट्या मोटारीचा किलोमीटरमागचा वाटा निम्म्याजवळ येतो. बॅटरी तयार करताना होणारे प्रदूषण यात धरलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणूनच मोठ्या बॅटरीच्या अवजड गाडीपेक्षा गरजेपुरत्या बॅटरीची छोटी गाडी अधिक समर्थनीय ठरते. आणि जेथे बस, लोकल किंवा मेट्रोने काम भागते, तेथे मोटार न घेणे हे त्याहून समर्थनीय आहे. शाळेच्या दारातील मूल ज्या हवेत श्वास घेते, तिच्यासाठी एवढा विवेक पाळणे अवघड नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो न्यायाचा. भाडेपट्टा आज ज्यांना सहज मिळतो, ते बहुधा पगारपत्रक दाखवू शकणारे लोक असतात. ज्यांचा इंधनखर्च मिळकतीच्या मानाने सर्वाधिक असतो, त्यांच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. फ्रान्समध्ये जानेवारी २०२४ पासून कमी उत्पन्नाच्या, कामासाठी दूर गाडीने जाव्या लागणाऱ्या नागरिकांना विजेची मोटार दरमहा सुमारे १०० युरोपासून भाडेपट्ट्याने देण्याची योजना शासकीय साहाय्याने सुरू झाली. अवघ्या काही आठवड्यांत सुमारे ५० हजार मागण्या मान्य झाल्या आणि त्या वर्षापुरती योजना थांबवावी लागली. भारताची परिस्थिती वेगळी आहे. येथे पहिला हक्क विजेच्या बसचा आणि रिक्षाचा आहे. तरीही स्वस्त व स्वच्छ प्रवास ही केवळ श्रीमंतांची सोय राहू नये, एवढा बोध त्या अनुभवातून घेता येतो.

तोवर सामान्य ग्राहकाच्या हाती एक साधन आहे, ते म्हणजे वाचन. करार बहुधा इंग्रजीत असतो, अक्षरे बारीक असतात आणि समोरचा माणूस घाईत असतो. अशा वेळी कागद घरी नेण्याची मुभा मागावी, प्रत्येक कलम आपल्या भाषेत समजावून घ्यावे, आणि जे समजले नाही त्यावर सही करू नये. घाई करणाऱ्या विक्रेत्याला नकार देण्यात कमीपणा नाही. अंगठ्याच्या जागी सही आली, ही साक्षरतेची पहिली पायरी होती. कशावर सही करायची आणि कशावर करायची नाही, हे ठरवता येणे ही त्यापुढची पायरी आहे. ती चढलेल्या माणसाच्या दारात मालकीची गाडी असो, भाड्याची असो किंवा नसो, तो फसत नाही.